गाडीत हॅम रेडिओ बसवताना: वायरपासून ॲन्टेनापर्यंत

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना हातात आला, हँडीवरून (हातात मावणाऱ्या रेडिओवरून) रिपीटरवर (आलेला सिग्नल पकडून पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या केंद्रावर) बोलणं सुरू झालं, की लवकरच गाडीतल्या रेडिओचे वेध लागतात. गाडीचं अंग पत्र्याचं असतं. आत बसून हँडीवर बोललात तर लहरींचा बराचसा भाग आतच अडतो आणि समोरच्याला अर्धी वाक्यंच ऐकू जातात. छतावर नीट बसवलेला ॲन्टेना आणि त्याच्यामागे ५० वॅटचा रेडिओ असला, की तोच रिपीटर त्याच रस्त्यावर स्वच्छ लागतो.

नव्यांची एक सवय मी पुन्हा पुन्हा पाहतो. रेडिओ कोणता घ्यायचा यावर महिनोन्महिने खल चालतो, आणि वायर, फ्यूज, ॲन्टेनाचा माउंट (बैठक) ही कामं उरलेल्या वेळात कशीबशी उरकली जातात. माझं मत याच्या उलट आहे. साधा रेडिओ, जाड वायर आणि छताच्या मधोमध बसवलेला ॲन्टेना ही जोडी, महागडा रेडिओ आणि खिडकीला चिकटवलेला ॲन्टेना या जोडीपेक्षा केव्हाही सरस ठरते. म्हणून या लेखात रेडिओच्या खोक्यापेक्षा वायर आणि ॲन्टेना यांवरच जास्त लिहिलं आहे.

इथे मुख्यतः व्हीएचएफ-यूएचएफचा, म्हणजे १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या दोन बँडचा (फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांचा) ५० वॅटचा रेडिओ गृहीत धरला आहे. एचएफचं (३० मेगाहर्ट्झखालच्या बँडचं) शेवटी वेगळं लिहिलं आहे, कारण त्याच्या अडचणी वेगळ्या असतात.

१. आधी कागदपत्रं

तुमचा हौशी रेडिओ परवाना चालू आहे ना, आणि त्यात फिरत्या वाहनातून प्रसारण करण्याची मुभा आहे ना, हे पाहा. काही देशांत ती परवान्यातच असते, तर काही ठिकाणी वेगळी नोंद किंवा परवानगी लागते. गाडी चालवताना हातात माइक धरण्याबद्दलचा वाहतुकीचा नियमही वाचून ठेवा. मोबाइल फोनसाठीचा नियम दुतर्फा रेडिओला लागू होतो की नाही, हे प्रत्येक देशात सारखं नसतं.

परवान्याची प्रत गाडीत ठेवा. तुमच्या भागातल्या रिपीटरच्या फ्रिक्वेन्सी, ऑफसेट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि टोन (रिपीटर उघडणारा सूर) यांची यादी करा आणि त्या घरी बसूनच रेडिओच्या मेमरीत भरा. चालत्या गाडीत मेनू उघडायची वेळच येता कामा नये.

आणखी दोन पुस्तिका हव्यात. एक रेडिओची आणि दुसरी गाडीची. गाडीची पुस्तिका कोणी उघडत नाही, पण अनेक कंपन्या तिच्यात प्रसारण करणारा रेडिओ बसवण्याबद्दल स्वतंत्र पान देतात. कोणत्या बँडवर किती वॅट चालतील आणि ॲन्टेना कुठे बसवावा, हे तिथे लिहिलेलं असतं. ते सापडलं तर तोच शेवटचा शब्द समजा. गाडी वॉरंटीत असेल, भाड्याची असेल किंवा कार्यालयाची असेल, तर भोक पाडण्याचा विचार करण्याआधी लेखी विचारणा करा.

२. हत्यारं बाजूला ठेवा आणि गाडीत बसा

चालकाच्या जागेवर बसा, पट्टा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा आणि ठरवा: नजर रस्त्यावर असताना कुठला डिस्प्ले दिसेल? न बघता हात कुठल्या माइकवर पडेल? गियर बदलताना माइकची गुंडाळलेली वायर हाताला अडकेल का?

हल्लीच्या बऱ्याच मोबाइल रेडिओंचा पुढचा भाग वेगळा काढता येतो. हा फेसप्लेट डॅशबोर्डजवळ ठेवायचा आणि मूळ खोकं सीटखाली किंवा डिकीत. हीच व्यवस्था मला सर्वांत सोयीची वाटते. जोडणारी केबल बहुतेक वेळा वेगळी विकत घ्यावी लागते, ती रेडिओसोबतच मागवा.

सीटखालची जागा निवडताना सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून पाहा. रुळांत वायर चिरडली गेली तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. खाली हवेची नळी किंवा हीटरचं तोंड असेल तर तिथे खोकं ठेवू नका. ५० वॅट बाहेर टाकताना रेडिओ बॅटरीतून दीडशे वॅटच्या आसपास घेतो, उरलेली सगळी उष्णता होते. रेडिओच्या पंख्यासमोर तळहाताएवढी तरी मोकळी जागा हवी आणि खोकं कार्पेटमध्ये रुतलेलं नको.

आता एअरबॅग. डॅशबोर्डवर एअरबॅगचं झाकण असलेली जागा, स्टिअरिंगचा मधला भाग, सीटच्या बाहेरच्या कडा, समोरच्या काचेलगतचे खांब आणि छताची कड, या सगळ्या जागा वर्ज्य. पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत खांबाच्या आवरणामागून वायर न्यायचीच असेल तर ती एअरबॅगच्या मागून, खांबाच्या मूळ वायरिंगला बांधूनच जायला हवी. एअरबॅगवरून आडवी गेलेली वायर अपघातात एअरबॅगला अडवते. आवरण काढल्यावर पिवळं कनेक्टर किंवा पिवळ्या नळीतली वायर दिसली, तर तिला हात लावू नका.

३. काय काय लागेल

- रेडिओ, त्याचा ब्रॅकेट, फेसप्लेटची जोडकेबल, माइकचा हूक
- बाहेरचा छोटा स्पीकर (खोकं सीटखाली गेलं की आतला स्पीकर निकामी ठरतो)
- ॲन्टेना, माउंट, कोॲक्स (रेडिओ आणि ॲन्टेना जोडणारी केबल)
- शुद्ध तांब्याची लाल-काळी वायर, पाती-फ्यूज आणि त्यांचे पाणी न शिरणारे होल्डर
- थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक), हीट श्रिंक स्लीव्ह, नालीदार प्लास्टिक नळी, केबल टाय, रबरी ग्रोमेट
- क्रिंपिंगची (थिंबल वायरीवर दाबून बसवायची) चांगली पकड, मल्टिमीटर, आवरणं उचकटायची प्लास्टिकची पट्टी
- एसडब्ल्यूआर (ॲन्टेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप) मोजणारा मीटर किंवा ॲन्टेना ॲनालायझर
- कडक तार, हेडलॅम्प आणि मदतीला एक माणूस

मीटर विकत घ्यायलाच हवा असं नाही. जवळच्या हॅमकडे तो बहुधा असतोच, आणि या छंदात मागितल्यावर मदत मिळते.

४. वीज: सर्वांत जास्त लक्ष इथे द्या

पहिला सापळा म्हणजे लायटरचं सॉकेट. ते समोरच असतं, त्यात प्लग बसतो आणि रेडिओ सुरूही होतो. पण त्याच्यामागची वायर बारीक असते, फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो आणि स्प्रिंगचा संपर्क ढिला असतो. ५० वॅटचा रेडिओ प्रसारण करताना १० ते १२ अँपिअर खेचतो. सॉकेट तापतं, व्होल्टेज पडतं, आणि त्या सामाईक वायरवरचा इतर उपकरणांचा सगळा कचरा तुमच्या आवाजात मिसळतो. हँडी चार्ज करायला सॉकेट ठीक आहे, मोबाइल रेडिओला नाही.

दुसरा सापळा म्हणजे फ्यूजबॉक्समधली मोकळी जागा पाहून तिथून वायर काढणं. तिथेही तीच गत. लाल वायर सरळ बॅटरीच्या धन टोकापासून आली पाहिजे.

फ्यूज कुठे? बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, एका वितीच्या आत. फ्यूज रेडिओचं नव्हे, वायरचं रक्षण करायला असतो. वायर इंजिनाच्या खोलीतून जाते, पत्र्याच्या कडेला घासते, आणि एखाद्या दिवशी तिचं आवरण फाटून तांबं गाडीच्या अंगाला टेकू शकतं. बॅटरीत शेकडो अँपिअर द्यायची ताकद असते. फ्यूज रेडिओच्या बाजूला असेल तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर उघड्यावर राहते, आणि गाड्यांना आग लागते ती अशाच वायरने. ५० वॅटच्या रेडिओला सहसा १५ अँपिअरचा आणि १०० वॅटच्या एचएफ रेडिओला २५ च्या आसपासचा फ्यूज लागतो. नेमका आकडा रेडिओच्या पुस्तिकेत पाहा. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा टाकू नका, कारण शोधा.

आता वायरची जाडी. इथे गणित करून पाहणं फायद्याचं आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. बॅटरी पुढे, रेडिओ डिकीत, अंतर ५ मीटर धरलं तर जाऊन-येऊन १० मीटर वायर झाली. २.५ चौरस मिलिमीटर वायरीत हा रोध सुमारे ०.०७ ओहम होतो आणि १२ अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिलिमीटर वायर घेतली तर तीच घट ०.३५ व्होल्टवर येते. बहुतेक रेडिओ १३.८ व्होल्टच्या १५ टक्के खाली-वर चालतात, म्हणजे साधारण ११.७ ते १५.९ व्होल्ट. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते. त्यातून वायरीनेच ते ०.८ व्होल्ट खाल्ले तर रेडिओ काठावर येतो, १०० वॅटचा असेल तर काठाखालीही जातो. मग बोलता बोलता तो बंद पडतो किंवा आवाज फाटतो, आणि दोष रेडिओला दिला जातो. म्हणून रेडिओ पुढे असेल तर ४ आणि डिकीत असेल तर ६ चौरस मिलिमीटर, त्याहून बारीक नको. रेडिओसोबत आलेली वायर आखूड पडली तर तिला तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडण्यापेक्षा जाड वायर पूर्ण ओढा.

वायर घेताना टोक सोलून एक तार सुरीने खरवडा. आतपर्यंत लाल दिसली तर तांबं. आत पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, त्याचा रोध तेवढ्याच जाडीला सुमारे दीडपट असतो आणि क्रिंप कालांतराने ढिला पडतो. बाहेरून रुपेरी पण आत लाल निघाली तर ते कल्हई केलेलं तांबं. ते उत्तम.

काळ्या वायरीबद्दल जुन्या लेखांत ‘थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा’ असं सापडेल. हल्लीच्या गाडीत तसं करण्याआधी ते टोक नीट पाहा. त्यावर छोटा ठोकळा आणि त्यातून निघालेली बारीक वायर दिसली तर तो बॅटरी सेन्सर आहे. बॅटरीतून किती वीज गेली आणि किती आली, याचा हिशोब तो ठेवतो. तुमची काळी वायर थेट टोकाला लावली तर रेडिओचा प्रवाह सेन्सरला चुकवून जातो, गाडीचा संगणक बॅटरी भरलेली समजतो आणि चार्जिंगचा ताळ चुकतो. अशा गाडीत बॅटरीची ऋण केबल गाडीच्या अंगाला ज्या बोल्टने जोडलेली असते, तिथे काळी वायर लावा. सेन्सर नसेल तरी मी हीच जागा पसंत करतो. काळी वायर टोकालाच लावायची ठरवलीत तर तिलाही बॅटरीजवळ फ्यूज हवा. कारण बॅटरी आणि गाडीचं अंग यांमधली केबल ढिली झाली तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह तुमच्या काळ्या वायरीतून आणि कोॲक्समधून वाट काढतो.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडवा, आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडा. धन टोक सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला तरी, ऋण आधीच सुटलेलं असल्याने ठिणगी उडत नाही. त्याआधी घड्याळ, स्टिरिओचा कोड आणि काचांच्या सेटिंगबद्दल पुस्तिकेत वाचून घ्या.

वाहनाचे तीन अपवाद आहेत. २४ व्होल्टच्या ट्रक-बसमध्ये दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढू नका. एक बॅटरी सतत उपाशी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन दोन्ही लवकर मरतात. तिथे २४ वरून १२ व्होल्टचा पुरेशा ताकदीचा कन्व्हर्टर लावा. हायब्रीड आणि विजेच्या गाड्यांत नारिंगी केबलच्या आसपासही जाऊ नका, त्यांत जीवघेणं व्होल्टेज असतं. रेडिओसाठी त्यांची छोटी बॅटरीच वापरायची. काही नव्या गाड्यांत ही बॅटरी लिथियमची असते आणि व्होल्टेज १५ च्या वर असतं, म्हणून आधी मल्टिमीटर लावून रेडिओच्या मर्यादेशी ताडून पाहा. तिसरं, थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत प्रत्येक स्टार्टला व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि रेडिओ बंद होऊन परत सुरू होतो. बोलायचं असेल तेव्हा ती सोय बटण दाबून थांबवून ठेवा.

५. इंजिनाच्या खोलीतून आत

नवीन भोक पाडण्याआधी जुनं शोधा. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यात वायरिंगसाठी मोठं रबरी ग्रोमेट असतंच. ते कुठे उघडतं हे कळायला एकाने बॉनेटच्या बाजूने रबर बोटाने दाबायचं आणि दुसऱ्याने हेडलॅम्प लावून पेडलच्या वर डोकं घालायचं. आतलं रबर हलताना दिसतं, नाही दिसलं तर कार्पेटचं अस्तर बाजूला करून हाताला लागतं. मग ग्रोमेटच्या कडेला, मूळ वायरींपासून दूर, छोटी चीर द्या आणि कडक तार बाहेरून आत ढकला. तारेच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ती मूळ वायरिंगला टोचणार नाही. तार आत आली की तिच्या शेपटीला वायर बांधून ओढून घ्या आणि चीर सिलिकॉनने बुजवा, नाहीतर पावसाचं पाणी तिथून पायाशी येईल.

इंजिनाच्या बाजूची वायर नालीदार नळीत घाला. एक्झॉस्ट, पंखा, पट्टा आणि स्टिअरिंगचा दांडा यांपासून ती लांब बांधा. आत आल्यावर पेडल तळापर्यंत दाबून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. काहीही लटकत राहता कामा नये.

जोड झाळून करायचे की क्रिंप करून? गाडीत क्रिंप. झाळलेल्या जोडात शिसं तारांमध्ये वर चढतं, तो भाग कडक होतो आणि थरथरीने नेमका तिथेच तुटतो. पण क्रिंप चांगल्या पकडीनेच करा, आणि केल्यावर जोर लावून ओढून पाहा.

६. ॲन्टेनाची जागा

उभ्या पाव तरंगलांबीच्या ॲन्टेनाचा अर्धा भाग म्हणजे खालचा पत्रा. म्हणून जागा ही सोयीची बाब नाही, ती ॲन्टेनाचाच भाग आहे. छताच्या मधोमध ॲन्टेना असेल तर लहरी चारी बाजूंना जवळपास सारख्या जातात, आणि आत बसलेल्यांना छताच्या पत्र्याची आडही मिळते. डिकीच्या किंवा बॉनेटच्या कडेला बसवलात तर गाडी ज्या दिशेला जास्त पसरलेली असते, त्या दिशेला सिग्नल झुकतो. बंपर ही सर्वांत वाईट जागा, कारण निम्मा ॲन्टेना गाडीच्या आडोशाला जातो.

१४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण ४९ सेंटिमीटर होते आणि ४३५ मेगाहर्ट्झला १६ च्या आसपास. नव्यांनी लांबलचक, जास्त गेनचा ॲन्टेना घेण्याचा मोह टाळावा. तो फांद्यांना लागतो आणि वेगात मागे झुकतो, आणि डोंगराळ भागात गेनचा फायदाही फारसा होत नाही, कारण त्याची शक्ती क्षितिजाच्या रेषेत दाबलेली असते आणि रिपीटर डोंगराच्या माथ्यावर असतो.

माउंटचे तीन प्रकार नेहमी दिसतात.

चुंबकी माउंट मिनिटात बसतो आणि मिनिटात निघतो. सुरुवातीला याच्यावरच सराव करा, जागा बदलून पाहा. पण तळाशी अडकलेली धूळ रंग घासते, म्हणून अधूनमधून उचलून दोन्ही पृष्ठभाग पुसा. ॲल्युमिनियम, फायबर किंवा काचेच्या छताला तो चिकटत नाही. विकत घेण्याआधी फ्रिजवरचं चुंबक छताला लावून पाहा.

कडेचा माउंट डिकीच्या किंवा बॉनेटच्या कडेला बारीक स्क्रूंनी पकडतो. हे स्क्रू रंग फोडून पत्र्यात रुतले पाहिजेत, नाहीतर ॲन्टेनाला अर्थ (गाडीच्या पत्र्याशी विजेचा जोड) मिळत नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून माउंट आणि गाडीचं अंग यांमधला रोध मोजा, तो शून्याजवळ हवा. डिकीचं झाकण बिजागरीवर असतं आणि बिजागरीवर रंग व ग्रीस, तेव्हा झाकण आणि अंग यांना विणलेल्या तांब्याच्या पट्टीनेही जोडा. उघड्या पडलेल्या पत्र्यावर गंजरोधक लावायला विसरू नका.

भोक पाडून बसवलेला एनएमओ माउंट हा माझ्या मते खरा माउंट. त्याला १९ मिलिमीटरचं भोक लागतं. छताच्या आतला दिवा काढून वर डोकावा. आडव्या पट्ट्या, वायरिंग आणि एअरबॅग कुठे आहेत ते पाहा, मगच मध्य ठरवा. खोली मर्यादित ठेवणारा होलसॉ वापरा, नाहीतर दात अस्तरात घुसतात. भोकाच्या आतल्या बाजूचा रंग खरवडा म्हणजे माउंटचे दात उघड्या पत्र्यात रुततील. पत्र्याचा चुरा चुंबकाने आणि व्हॅक्यूमने पूर्ण उचला, एक कण राहिला तरी गंजाचा डाग पडतो. ॲन्टेना काढलेला असताना माउंटवर झाकण लावा.

७. कोॲक्स

शक्य तेवढी आखूड ठेवा. आरजी-५८ केबलमध्ये ५ मीटरला १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे १ डेसिबल घट होते, ४३५ वर जवळपास दुप्पट. म्हणजे यूएचएफवर ५० वॅटमधले वीसेक वॅट वाटेतच गेले. जादा केबल सीटखाली गुंडाळी करून ठेवू नका, कापून नवा कनेक्टर लावा.

दारातून केबल आणत असाल तर ती दाराच्या काठावर चेपली जाणार नाही अशी जागा शोधा. दार लावल्यावर कागदाची पट्टी जिथे सहज सरकते तिथे रबर सैल असतं, केबल तिथूनच न्या. आत शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा द्या. पाणी वळशाच्या तळाशी येऊन गळून पडतं, केबलीच्या मागोमाग आत येत नाही.

८. पहिल्यांदा चालू करताना

ॲन्टेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका. हा नियम कायमचा आहे.

फ्यूज घालण्याआधी मल्टिमीटरने लाल-काळ्याची दिशा तपासा. मग फ्यूज घाला, रेडिओ सुरू करा, आणि सर्वांत कमी शक्तीवर एसडब्ल्यूआर मोजा. बँडच्या खालच्या टोकाला, मध्ये आणि वरच्या टोकाला, असे तीन आकडे लिहून घ्या. खालच्या टोकाला कमी आणि वर जास्त असेल तर ॲन्टेना लांब आहे, उलट असेल तर आखूड. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास साडेतीन मिलिमीटर कापलं की साधारण १ मेगाहर्ट्झ सरकतं, म्हणून कापणं दोन-दोन मिलिमीटरनेच. दोन बँडचे तयार ॲन्टेना कारखान्यातच जुळवलेले असतात, त्यांना कात्री लावू नका. तिथे आकडा वाईट आला तर माउंटचा अर्थ आणि कनेक्टर तपासा.

किती चालेल? १.५ ला परत येणारी शक्ती ४ टक्के, २ ला ११ टक्के आणि ३ ला २५ टक्के. दीडच्या आत आलात की थांबा. १.१ साठी दिवस घालवण्यात अर्थ नाही, तो फरक कुणाच्याही कानाला कळत नाही. मोजताना दारं, डिकी बंद ठेवा आणि गाडी भिंतीपासून, दुसऱ्या गाड्यांपासून दूर उभी करा.

मग गाडी उभीच ठेवून, इंजिन चालू करून, शक्ती टप्प्याटप्प्याने वाढवा: ५, मग २०, मग ५० वॅट. प्रत्येक टप्प्यावर बटण दाबून डॅशबोर्डवरचे दिवे, वायपर, दारांची कुलपं, स्टिअरिंग आणि ब्रेकचे इशारे यांवर नजर ठेवा. काही विचित्र घडलं तर तेवढ्या शक्तीवर गाडी रस्त्यावर काढू नका. आधी ॲन्टेना आणि कोॲक्स मूळ वायरिंगपासून दूर सरकवा. ॲन्टेनाजवळ कोणी उभं असताना बोलू नका, उघड्या ॲन्टेनाला हात लागला तर भाजतं.

शेवटी पूर्ण शक्तीवर प्रसारण करताना रेडिओच्या टोकाशी व्होल्टेज मोजा आणि त्याच वेळी बॅटरीवरही मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त निघाला तर एखादा क्रिंप किंवा फ्यूज होल्डर हाताला गरम लागेल, दोष तिथेच असतो.

९. गुणगुण आणि टिकटिक

एक्सलेटर दाबला की शिट्टीचा सूर वर चढतो? ती अल्टरनेटरची. टिकटिक इंजिनाच्या गतीबरोबर वाढते? ती स्पार्कची. गती बदलूनही आवाज तसाच राहतो? मग यूएसबी चार्जर, डॅशकॅम किंवा एलईडी दिवे यांच्यावर संशय घ्या. एकेक प्लग काढत जा. स्वस्त चार्जर हा सर्वांत मोठा गुन्हेगार असतो.

उपाय करण्याआधी एक तपासणी करा: आवाज येत असताना ॲन्टेनाची केबल रेडिओपासून काढा. आवाज राहिला तर तो विजेच्या वायरीतून येतोय. गेला तर ॲन्टेनातून येतोय. पहिल्या प्रकारात बॅटरीपर्यंतची वायर आणि जोड पाहा, दुसऱ्या प्रकारात आवाज करणाऱ्या उपकरणाच्या वायरीवर फेराइट (गोंगाट अडवणारं चुंबकी कडं) लावा. फेराइटमधून वायर एकदाच नेण्यापेक्षा वेढे घाला, परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. तीन वेढ्यांना नऊपट.

१०. एचएफ बसवायचा असेल तर

१४.२ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ५ मीटरच्या पुढे जाते आणि ७ मेगाहर्ट्झला दहाच्या. तेवढा ॲन्टेना गाडीवर बसत नाही, म्हणून कॉइल लावून तो आखूड करावा लागतो. आखूड ॲन्टेनाची बरीच शक्ती कॉइल आणि अर्थच्या रोधात उष्णता होऊन जाते. जाड तारेची, मोठ्या व्यासाची कॉइल आणि शक्य तेवढा लांब, गाडीच्या अंगापासून मोकळा दांडा, यानेच फरक पडतो. ७ मेगाहर्ट्झवर असा ॲन्टेना बँडच्या छोट्या तुकड्यावरच जुळतो, फ्रिक्वेन्सी बदलली की पुन्हा जुळवावा लागतो.

चुंबकी माउंट इथे अपुरा पडतो. बॉनेट, डिकी, दारं, एक्झॉस्टची नळी हे सगळं विणलेल्या तांब्याच्या रुंद पट्ट्यांनी मुख्य अंगाला जोडा. यामुळे सिग्नल सुधारतो आणि इंजिनाचा गोंगाटही उतरतो. ट्यूनर (ॲन्टेना रेडिओशी जुळवून देणारं उपकरण) वापरणार असाल तर तो ॲन्टेनाच्या बुडाशी हवा. रेडिओतला ट्यूनर रेडिओचं समाधान करतो, मधल्या कोॲक्समधली घट तशीच राहते.

११. वापर सुरू झाल्यावर

रेडिओ थेट बॅटरीवर असल्याने चावी काढली तरी तो चालू राहतो. नुसतं ऐकतानाही अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली तर सकाळी स्टार्टर फिरणार नाही. रेडिओतलं आपोआप बंद होण्याचं सेटिंग लावा किंवा चावीवर चालणारा रिले बसवा.

माइक जागेवर परत अडकवायची सवय लावा. सीटवर टाकलेल्या माइकवर सामान पडलं की बटण दाबलं जातं आणि रिपीटर तासभर अडून राहतो. टाइमआउट (सलग प्रसारणाची मर्यादा) तीन मिनिटांवर ठेवा. वळण, गर्दी, घाट असला की ‘थोड्या वेळाने बोलतो’ म्हणून माइक ठेवून द्या, पलीकडच्याला ते कळतं. कमी उंचीच्या पार्किंगसाठी मोडता येणारा ॲन्टेना घ्या किंवा आत शिरण्याआधी तो काढा.

थरथरीने सगळं सैल होतं, म्हणून महिन्याभराने बॅटरीचे बोल्ट, ब्रॅकेट आणि ॲन्टेनाचा बुडखा पुन्हा आवळा, ग्रोमेटही तपासा. एसडब्ल्यूआरचे ते तीन आकडे कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा आणि पावसाळ्यानंतर परत मोजा. आकडे एकदम बिघडले असतील तर ॲन्टेनाला हात लावू नका. आधी कोॲक्सचा कनेक्टर उघडून पाणी शिरलंय का ते पाहा, मग माउंटखालचा गंज.